एफटीआयआयमधला ‘टी’
विद्यापीठीय टेलिव्हिजन-निर्मिती शिक्षणाची एक चिकित्सा

एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोलकात्याच्या सत्यजित राय यांच्या नावाने चालणाऱ्या भगिनी संस्थेलाही तो त्याच सुमारास मिळाला. या बातमीवर जे काही लिहिले-बोलले गेले त्यात सिनेमाचा उल्लेख सर्वत्र होता. संस्थेच्या नावातले दुसरे अक्षर मात्र कोणी उच्चारल्याचे आढळले नाही. हे नवे नाही. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली ही संस्था सुरू झाली तेव्हा ती फक्त फिल्म इन्स्टिट्यूट होती. टेलिव्हिजन नावात आला १९७४ साली, आणि त्यानंतर पन्नास वर्षे तो नावात राहिला तसाच आवारातही राहिला: एका बाजूला, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या लोकांसाठी.

प्रश्न एका संस्थेपुरता नाही. महाराष्ट्रात आज माध्यमशास्त्र शिकवणारी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि त्यांतून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळांची पहिली नोकरी टेलिव्हिजनच्या कुठल्या ना कुठल्या खात्यात असते. वृत्तवाहिनीचा डेस्क, मालिकेतला चौथा सहायक दिग्दर्शक, संकलनाच्या खोलीतली रात्रपाळी. असे असूनही टेलिव्हिजनची निर्मिती हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे म्हणजे नेमके काय आहे, याचा विचार आपल्याकडे झालेला दिसत नाही. तो का झाला नाही, याची कारणे इतिहासात शोधावी लागतात.

आपल्याकडे टेलिव्हिजनचे शिक्षण सुरू झाले ते सरकारी नोकरांचे प्रशिक्षण म्हणून. दिल्लीत १९५९ साली प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा ते आकाशवाणीचेच एक अंग होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पाठोपाठ इतर शहरांत केंद्रे निघू लागली, तेव्हा माणसांची गरज पडली. दिल्लीत १९७१ मध्ये निघालेले टेलिव्हिजन प्रशिक्षण केंद्र १९७४ साली पुण्याला हलवले गेले. येथे येणारे विद्यार्थी हे निर्माते, कॅमेरामन, अभियंते होते. पगार चालू असलेले, ठरावीक आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा करून आपापल्या केंद्रावर परतणारे. शेजारच्याच इमारतीत सिनेमाचे विद्यार्थी तीन तीन वर्षे राहून जगाचा सिनेमा पाहत होते, वाद घालत होते, आपल्या पदविकापटाची स्वप्ने पाहत होते. एकाच आवारात एका माध्यमाला कलेचा दर्जा आणि दुसऱ्याला खात्याचा. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी टेलिव्हिजनचे अभ्यासक्रम नव्या शतकात सुरू झाले खरे, पण एक वर्षाचे. सिनेमाला तीन वर्षे, टेलिव्हिजनला एक, हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे.

२०१५ सालचा विद्यार्थ्यांचा संप पुष्कळांना आठवत असेल. १३९ दिवस तो चालला. संस्थेच्या अध्यक्षपदी झालेल्या नेमणुकीवरचा मुख्य आक्षेप पात्रतेचा आणि राजकीय हस्तक्षेपाचा होता आणि तो गंभीर होता. परंतु त्या काळातल्या चर्चेत, थट्टेत आणि व्यंगचित्रांत ‘मालिकेतला युधिष्ठिर’ हा सूर पुन्हा पुन्हा लागत होता, जणू मालिकेत काम करणे हीच एक अपात्रता. ‘महाभारत’ ही मालिका आवडो वा न आवडो. तिने रविवारच्या सकाळी देशभरचे रस्ते ओस पाडले होते. ज्या संस्थेच्या नावातच टेलिव्हिजन आहे तिथे या घटनेचा अभ्यास व्हायला हवा होता. ती तिथे विनोदाचा विषय झाली.

टेलिव्हिजन विद्यापीठात शिरला त्याचा दुसरा रस्ता मात्र याहून कितीतरी उमदा होता, आणि तोच आपण विसरलो आहोत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर ‘साइट’ हा उपग्रह-प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन आंध्र, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत रोज चार तास कार्यक्रम दाखवले गेले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी सगळ्यांसाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण मुलांसाठीचे विज्ञान-कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत होते. या प्रयोगाच्या तांत्रिक यशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे मुद्दा वेगळा आहे. कार्यक्रम बनवणाऱ्यांच्या बरोबरीने या प्रयोगात समाजशास्त्रज्ञ होते. मानवशास्त्राचे अभ्यासक महिनोन्‌महिने खेड्यांत राहून लोक काय पाहतात, काय पाहताना उठून जातात, कोणत्या जातीचा माणूस कुठे बसतो, बाया येतात की नाही, याच्या नोंदी करत होते. कार्यक्रम बनवण्याआधी संशोधन, बनवताना संशोधन, दाखवल्यावर संशोधन, अशी ती रीत होती.

तीच रीत गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात पुढे दहा वर्षे चालली. पीज या गावी एक लहानसा प्रक्षेपक, अहमदाबादेत स्टुडिओ, आणि निर्माते गावोगाव हिंडणारे. गावकरी नुसते प्रेक्षक नव्हते. कित्येक कार्यक्रमांत तेच पात्रे होते, गोष्टही त्यांचीच आणि बोलीही त्यांचीच. या प्रकल्पाला १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनासाठीचा पुरस्कार मिळाला. आज एखाद्या वाहिनीची ‘कन्टेन्ट’ टीम दर गुरुवारी आकडे पाहून शुक्रवारी कथानक वळवते, तेव्हा तीही प्रेक्षकाचे ऐकतच असते. पण ऐकण्याचे हे दोन प्रकार किती वेगळे आहेत! एकात प्रेक्षक बोलतो, दुसऱ्यात तो मोजला जातो. हा फरक समजावून सांगण्याची जागा विद्यापीठ हीच आहे. पण ‘खेडा’ हे नाव आमच्या विद्यार्थ्यांना फार तर एका गुणाच्या प्रश्नात भेटते: ‘साइट म्हणजे काय? विस्तारित रूप लिहा.’

‘साइट’च्या वेळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक असलेले प्रा. यशपाल १९८६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्याआधीच, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, आयोगाचा ‘कन्ट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला होता. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना दुपारचे ते इंग्रजी कार्यक्रम आठवतील: पेशीविभाजन, ज्वालामुखी, मोगल वास्तुकला. सुरुवातीला परदेशी कार्यक्रमांचा भरणा मोठा होता. मग ठिकठिकाणच्या विद्यापीठांत निर्मिती केंद्रे उभी राहिली. पुणे विद्यापीठाचे शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र त्यांतले एक. म्हणजे विद्यापीठे स्वतः टेलिव्हिजन बनवू लागली. जगात फार थोड्या देशांत विद्यापीठांना अशी राष्ट्रीय वाहिनीवर रोजची जागा मिळाली असेल.

या संधीचे व्हायला हवे होते ते झाले नाही. याचे एक कारण असे की बहुतेक ठिकाणी कार्यक्रम बनवणारे केंद्र आणि माध्यम शिकवणारा विभाग ही दोन वेगळी संस्थाने राहिली. एकाकडे स्टुडिओ, कॅमेरे, तंत्रज्ञ, दुसऱ्याकडे विद्यार्थी. अपवाद दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचा. तिथे १९८२ मध्ये कुलगुरू अन्वर जमाल किडवई यांच्या पुढाकाराने आणि टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर उभे राहिले. कॅनडाचे माहितीपटकार जेम्स बेव्हरिज हे त्यामागचे मोठे नाव. बेव्हरिज हे जॉन ग्रिअर्सन यांच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या परंपरेतले, त्यामुळे वास्तवाकडे कॅमेरा घेऊन जाण्याची शिस्त या केंद्राला जन्मापासून मिळाली. अध्यापन आणि निर्मिती एका छपराखाली. आयोगासाठी कार्यक्रमही तिथेच बनत आणि विद्यार्थीही तिथेच घडत. या केंद्रातून बाहेर पडलेल्यांची यादी माहितीपट, वृत्तवाहिन्या आणि हिंदी चित्रपट अशा तिन्ही ठिकाणी भरभक्कम आहे.

पण जामियाच्या यशातही एक मेख आहे. तिथून उत्तम माहितीपटकार निघाले, उत्तम वार्ताहर निघाले; दैनंदिन मालिकेचा, कौटुंबिक कार्यक्रमाचा, गाण्याच्या स्पर्धेचा नवा आकार शोधणारे त्या मानाने कमी. चांगल्यात चांगल्या विद्यापीठानेही टेलिव्हिजनला दुसऱ्या कशाकडे तरी जाण्याची वाट मानले. मुक्कामाचे ठिकाण मानले नाही.

आता वर्गात काय चालते ते पाहू. गेल्या काही वर्षांत बहिःस्थ परीक्षक म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांचे शेवटच्या सत्राचे प्रकल्प मी पाहत आलो आहे. विषयाचे नाव ‘टेलिव्हिजन प्रॉडक्शन’, आणि समोर येतो तो आठ-दहा मिनिटांचा लघुपट. एक कॅमेरा, एक एकटा नायक, पावसाळी खिडकी, शेवटी धक्का. त्यांतले काही खरोखर चांगले असतात. पण तो टेलिव्हिजन नसतो. एकदा एका मुलीला मी विचारले, ‘याचा दुसरा भाग काय असेल?’ तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कवितेला दुसरा भाग मागितला. तिची काय चूक? दुसऱ्या भागाचा प्रश्न तीन वर्षांत तिला कोणी विचारलाच नव्हता.

आणि टेलिव्हिजन म्हणजे तर दुसऱ्या भागाचीच कला. साधा हिशोब करून पाहावा. मराठीतली दैनंदिन मालिका आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२ भाग होतात. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळून सुमारे २२ मिनिटे धरली तर वर्षाकाठी ६,८६४ मिनिटे, म्हणजे ११४ तासांहून अधिक. अडीच तासांचा एक चित्रपट धरला तर एका वर्षात पंचेचाळीस चित्रपट! एकाच घरातली तीच माणसे घेऊन, एकाच दिवाणखान्यात. हे कसे होते? कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कधी दोन युनिटे एकाच वेळी दोन ठिकाणी चित्रीकरण करतात. दृश्ये कथेच्या क्रमाने न घेता नटांच्या तारखांच्या क्रमाने घेतली जातात. आणि प्रक्षेपणाच्या पुढे किती भाग तयार आहेत त्याला ‘बँक’ म्हणतात. बँक आटली की सेटवर सगळ्यांचा रक्तदाब वाढतो. आदल्या आठवड्यात पायरीवरून पडलेल्या सासूच्या कपाळावरची पट्टी आज कोणत्या बाजूला होती, हे ध्यानात ठेवणारी सहायक मुलगी त्या दिवशी दिग्दर्शकाइतकीच मोलाची असते. या सगळ्यात कला आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. त्यात कसब, व्यवस्था आणि निर्णयांची साखळी आहे यात वाद नाही, आणि ही साखळी शिकवता येते.

तीच गोष्ट बहुकॅमेरा चित्रणाची. स्टुडिओत तीन कॅमेरे, वर नियंत्रणकक्षात निर्माता, समोर पडद्यांची रांग, मिक्सरवर बोटे, आणि खाली फ्लोअर मॅनेजर हाताने उलटी मोजणी करणारा. संकलन तिथल्या तिथे, श्वास घेण्याच्या वेगाने. हे फक्त टेलिव्हिजननेच निर्माण केलेले तंत्र आहे. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या पिढीने ते वरळीच्या स्टुडिओत काम करता करता आत्मसात केले. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव त्या काळात दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने घराघरांत गेला, तो अशाच मर्यादित जागेत उभ्या केलेल्या दिवाणखान्यातून. आज क्रिकेटचा सामना, निवडणूक-निकालाची रात्र, गाण्याची स्पर्धा, हे सगळे बहुकॅमेरा आहे. पुष्कळ महाविद्यालयांतल्या स्टुडिओत मात्र एक चांगला कॅमेरा, एक हिरवा पडदा आणि नॅकच्या भेटीपुरती चालू होणारी वातानुकूलन यंत्रणा. पी. सी. जोशी समितीने दूरदर्शनविषयी चाळीस वर्षांपूर्वी म्हटले होते की यंत्रसामग्रीवर भर आणि कार्यक्रमांकडे दुर्लक्ष झाले आहे. ते आज या स्टुडिओंना जसेच्या तसे लागू पडते. कॅमेऱ्याचा दर्जा किती ‘के’चा, हे विभागप्रमुख अभिमानाने सांगतात. विद्यार्थ्यांनी वर्षभरात सलग किती मिनिटांचा कार्यक्रम बनवला, हे विचारले की विषय बदलतो.

यात भाषेचा एक पदर आहे. पाठ्यपुस्तके इंग्रजी, उत्तरपत्रिका बहुधा इंग्रजी, प्रकल्पाचा अहवाल इंग्रजी. काम मात्र मराठीत. जालन्याहून किंवा सांगोल्याहून आलेल्या मुलाकडे बोलीचा जो साठा असतो, तो या धंद्यात सोन्याच्या मोलाचा आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या मालिका ज्या लोकप्रिय झाल्या त्या बऱ्याच अंशी भाषेच्या बळावर. पण संवादलेखन मराठीत शिकवणारा, प्रमाणभाषेचा आणि बोलीचा सांधा कसा जोडावा हे दाखवणारा तास वेळापत्रकात शोधावा लागतो. मुलगा तीन वर्षांत ‘नॅरेटिव्ह’, ‘डिस्कोर्स’ हे शब्द शिकतो आणि आपल्या आजीची वाक्ये विसरतो.

अभ्यासाची दुसरी बाजू, म्हणजे सिद्धान्ताची, हीही लंगडीच आहे. रेमंड विल्यम्स यांचे टेलिव्हिजनवरचे पुस्तक १९७४ चे. एकेक सुटा कार्यक्रम न पाहता प्रेक्षक ‘प्रवाह’ पाहतो, ही त्यांची कल्पना अजूनही शिकवावी अशी आहे. स्टुअर्ट हॉल यांनी त्याच सुमारास संदेश घडवणे आणि उलगडणे या दोन टोकांची मांडणी केली. आमच्याकडे शिकवले जाते ते दुसरे टोक. मालिकेतल्या स्त्रीप्रतिमा, जाहिरातीतले मूल, बातम्यांतली भाषा, असे प्रबंध ढिगाने होतात. त्यांतले निष्कर्ष वाचण्याआधीच ठाऊक असतात. पूर्णिमा मानकेकर यांनी दिल्लीतल्या घरांत बसून दूरदर्शनच्या प्रेक्षक बायकांशी बोलून जो अभ्यास केला, त्याच्या जवळपास जाणारे मराठीत फारसे काही नाही. आणि घडवण्याच्या टोकाकडे, म्हणजे सेटवर, लेखकांच्या बैठकीत, वाहिनीच्या कार्यालयात निर्णय कसे होतात याकडे तर संशोधक फिरकतच नाहीत. अमेरिकेत जॉन कॉल्डवेल यांनी लॉस एंजेलिसच्या तंत्रज्ञांमध्ये वावरून ‘प्रॉडक्शन कल्चर’ हे पुस्तक २००८ मध्ये लिहिले. आपल्याकडे मढ बेट आणि घोडबंदर रोड विद्यापीठापासून लोकलच्या अंतरावर आहेत.

एक उदाहरण देतो. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी आली. काही दिवसांत मराठी आणि हिंदी मालिकांची युनिटे गोवा, सिल्व्हासा अशा ठिकाणी हलली. महिनाही लोटला नसेल तोच गोव्यानेही परवानगी मागे घेतली आणि काही युनिटांना पुन्हा बिऱ्हाड उचलावे लागले. कथानकातली कुटुंबे एकाएकी सहलीला, लग्नाला, आजोळी निघाली ती त्यामुळे. कथा भूगोलाप्रमाणे कशी वळते, कोणाला बरोबर नेले जाते आणि कोणाला मुंबईत सोडले जाते, स्पॉटदादांचे त्या महिन्यांत काय झाले, हा निर्मितीच्या अभ्यासाचा उत्तम विषय होता. माणसे हयात आहेत, फोन नंबर उपलब्ध आहेत. यावरचा एकही मराठी प्रबंध माझ्या पाहण्यात आलेला नाही.

श्रमाचा विषय तर वर्गात निघतच नाही. बारा तासांची पाळी, तीही कागदावर. मानधन अनेक ठिकाणी तीन महिन्यांनी हातात. रात्री उशिरा सुटलेल्या मुलींच्या प्रवासाची सोय निर्मितीसंस्थेच्या मर्जीवर. पहिल्या नोकरीत करारपत्र वाचायला शिकवणारा एक तास ठेवला तर अभ्यासक्रमाचा दर्जा घसरणार नाही. धंद्याला तयार मनुष्यबळ हवे म्हणून आम्ही शिकवतो, असे सांगितले जाते. धंद्याला सोयीची माणसे घडवणे आणि धंदा समजणारी माणसे घडवणे यांत अंतर आहे.

सर्वांत मोठी अडचण दप्तराची. साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘रणांगण’ ग्रंथालयात मिळते. सिनेमाच्या विद्यार्थ्याला पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. टेलिव्हिजनच्या विद्यार्थ्याने काय पाहावे? टेप महाग असल्याने जुन्या कार्यक्रमांवरच नवे मुद्रित करण्याची रीत जगभर होती. बीबीसीनेसुद्धा साठच्या दशकातले पुष्कळ कार्यक्रम असे पुसून टाकले. आपल्याकडेही तेच झाले. १९९९ नंतर खासगी मराठी वाहिन्या आल्या, त्यांचे संग्रह कंपन्यांच्या मालकीचे. ‘आभाळमाया’चा एखादा भाग अभ्यासासाठी हवा तर जे कोणी इंटरनेटवर चढवले असेल त्यावर भागवायचे. ज्या विषयाचे मूळ साहित्यच उपलब्ध नाही त्याची समीक्षा आठवणींवर उभी राहते, आणि आठवणी गोड असतात. म्हणून ‘पूर्वीचे दूरदर्शन किती छान होते’ हे वाक्य आपल्याकडे टेलिव्हिजन-समीक्षा म्हणून खपते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की टेलिव्हिजन आता संपत चालला आहे, मुले मोबाईलवर पाहतात, मग हे मढे कशाला उकरायचे? संच भिंतीवर राहील की हातात येईल हे कोणी सांगावे. पण क्रमशः सांगण्याची गोष्ट, थेट प्रक्षेपण, आणि रोजच्या वेळी रोज भेटणारी माणसे या तीन गोष्टी टेलिव्हिजनने घडवल्या, आणि ओटीटीवाल्या वेबमालिका त्याच भांडवलावर चालल्या आहेत. उलट दहा भागांची मालिका लिहू शकणारी माणसे आज मिळत नाहीत, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती मिळणार कुठून? लघुपटाच्या साच्यातून दुसरा भाग निघत नाही.

अभिमत विद्यापीठ झाल्याने पुण्याच्या संस्थेला पदव्या देता येतील, संशोधनाचे दार उघडता येईल. तेव्हा एक सुचवावेसे वाटते, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या महाविद्यालयालाही जमण्यासारखे आहे. शेवटच्या सत्रात प्रकल्प म्हणून लघुपट घेऊ नये. संपूर्ण वर्गाने मिळून बारा आठवडे, दर आठवड्याला एक, असा बावीस मिनिटांचा कार्यक्रम बनवावा; मालिका असो, बोलण्याचा कार्यक्रम असो, गावच्या बाजाराची बातमी असो. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तो जवळच्या एखाद्या गावात किंवा वस्तीत दाखवायचा. सात म्हणजे सात. तयार नसेल तर पडदा काळा राहील आणि लोक उठून जातील. दोन विद्यार्थी दर वेळी पडद्याकडे पाठ करून बसतील आणि कोण कधी उठले, कोण हसले, बाया कुठे बसल्या याची वही लिहितील. सोमवारी ती वही लेखकांच्या टेबलावर येईल. बारा भाग आणि बारा वह्या, दोन्ही ग्रंथालयात जमा. पुढच्या वर्षीच्या मुलांना निदान तेवढे तरी पाहायला मिळेल.